माइकवर पुकारलेला आहेर

मंडळी, गेल्या शनिवारी सकाळी हिंगणा रोडवर नेहमीच्या गाडीवर तर्री पोहे हाणत होतो. सोबत एक मित्र आणि त्याचे काका. काकांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, त्यामुळे गप्पा फिरून फिरून संत्र्याच्या भावावर येणार हे ठरलेलंच. तसंच झालं. दुसऱ्या प्लेटीवर रस्सा ओतून घेता घेता काका म्हणाले, "त्या बांगलादेशाले आपण कोरोनात फुकट लशी देल्ल्या. अन् ते आपल्या संत्र्यावर ड्युटी वाढवून राहिले. कृतघ्न आहेत बे ते!"

मित्र म्हणाला, "अन् काका, तवा आपल्याले भेटत होत्या का लशी? लाइनीत उभे राहून वापस येत होतो आपण."

"तेच तं म्हणतो मी," काका म्हणाले.

मी गप्प पोहे खाल्ले. उत्तर सुचलं नाही असं नाही, पण उत्तर लांबलचक होतं आणि काकांना मंडईत जायचं होतं. म्हणून ते इथे लिहितोय. (काका हे वाचणार नाहीत याची खात्री आहे, म्हणून जरा धीटपणे लिहितोय. :))

काकांच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. संत्र्यावर ड्युटी वाढली, खरं. आपल्याकडे लस मिळत नव्हती, तेही खरं. खटकला तो एक शब्द. कृतघ्न. कृतघ्न व्हायला आधी कोणीतरी उपकार करावा लागतो. आपण नक्की किती उपकार केले होते, आणि काटोलच्या संत्रा बागायतदाराच्या डोक्यात हा हिशोब कोणी घातला? माझं म्हणणं सरळ आहे: हा हिशोब आपल्याच सरकारच्या जाहिरातीने घातला. जाहिरात परदेशातल्या लोकांसाठी होती. ती सगळ्यात जास्त खरी मानली आपणच. आणि त्याची किंमत त्यांनीही मोजली, आपणही मोजली.

आहेर आणि माइक

आपल्या खेड्यातल्या लग्नांत आहेर माइकवरून पुकारतात. "अमुक गावचे तमुक पाटील यांच्याकडून पाचशे एक रुपये..." सगळ्या मांडवाला ऐकू जातं. शेजारी एकजण वहीत लिहून घेत असतो. उद्या पाटलांच्या घरी लग्न निघालं की ती वही उघडायची. यात वाईट काही नाही, फक्त हे दान नव्हे एवढं दोन्ही पक्षांना पक्कं ठाऊक असतं.

देशांच्या बाबतीत या माइकला पब्लिक डिप्लोमसी म्हणतात. म्हणजे दुसऱ्या देशाच्या सरकारशी बंद खोलीत बोलण्याऐवजी तिथल्या जनतेशी थेट बोलायचं, तिचं मन जिंकायचं. आजच्या अर्थाने हा शब्द १९६५ साली एडमंड गुलियन या माजी अमेरिकन राजदूताने रूढ केला. आपल्या परराष्ट्र मंत्रालयात या कामासाठी २००६ साली स्वतंत्र विभाग निघाला. सिनेमा, योग, शिष्यवृत्त्या, भूकंपानंतर पाठवलेली मदत, सगळं यात बसतं. कल्पना उत्तम आहे. भानगड अशी की माइकचा आवाज ज्याला ऐकवायचा त्याच्यापुरता राहत नाही. पूर्ण मांडव ऐकतो, आणि आपला मांडव सर्वात जवळ असतो.

हनुमान कोणाचं पार्सल घेऊन गेला?

२० जानेवारी २०२१ रोजी 'व्हॅक्सिन मैत्री' सुरू झाली. पहिल्या दिवशी भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख डोस गेले. दुसऱ्या दिवशी नेपाळला १० लाख, बांगलादेशला २० लाख. हे सगळे फुकट, भेट म्हणून. पुण्याच्या सीरमचं कोविशिल्ड. विमानतळावर खोक्यांसोबत फोटो, खोक्यांवर भारतीय जनतेकडून भेट असा मजकूर. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. श्रीमंत देश गरजेच्या कित्येक पट डोस बुक करून बसले होते, आणि आपण शेजाऱ्याला देत होतो.

२२ जानेवारीला ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो यांनी ट्विटरवर चित्र टाकलं: हनुमान पर्वत उचलून भारतातून ब्राझीलला लस घेऊन चाललाय. 'धन्यवाद' असं त्यावर. आपल्याकडे ते चित्र प्रत्येक फॅमिली ग्रुपवर किमान तीनदा आलं असेल. आमच्याकडे पाचदा आलं. मार्चमध्ये टोरोंटोच्या आसपास मोदींचे आभार मानणारी होर्डिंग लागली, तिथल्याच भारतीय समाजातल्या एका संघटनेने लावलेली. त्याचेही फोटो फिरले.

आता गंमत बघा. ब्राझीलला गेलेले ते २० लाख डोस ब्राझीलने विकत घेतलेले होते. कॅनडाला गेलेले ५ लाखही विकत. हनुमानाने चक्क कुरियरचं काम केलं होतं!

हे कोणी लपवलं नव्हतं, बरं का. परराष्ट्र मंत्रालयाचा लसपुरवठ्याचा एक तक्ता होता. त्यात देशागणिक तीन रकाने: अनुदान म्हणजे भेट, व्यापारी विक्री, आणि कोव्हॅक्स. कोव्हॅक्स म्हणजे गरीब देशांना लस मिळावी म्हणून गावी आणि जागतिक आरोग्य संघटना वगैरेंनी उभारलेली योजना. त्यात सीरमची आधीच कबुली होती. जून २०२० मध्ये सीरमने अॅस्ट्राझेनेकाशी करार केला तोच मुळी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी १०० कोटी डोस बनवण्याचा. पाठोपाठ गावी आणि गेट्स फाउंडेशनने ३० कोटी डॉलर पुढे केले, जेणेकरून परवानगी मिळायच्या आधीच उत्पादन सुरू करता येईल. म्हणजे पुण्यातून बाहेर जाणाऱ्या डोसांचा एक मोठा वाटा 'आपण दिला' असा नव्हताच. तो 'आपण देणं लागत होतो' असा होता. २४ फेब्रुवारीला घानाला कोव्हॅक्सचे पहिले ६ लाख डोस उतरले, ते याच खात्यातले.

तक्ता प्रामाणिक होता. पण तक्त्याच्या वर पाटी एकच होती: मैत्री. भेट, विक्री आणि देणं, तिन्ही एकाच पाटीखाली. दुकानदाराने विकलेलं सामान, त्याने फेडलेलं कर्ज आणि त्याने दिलेला आहेर, सगळं माइकवर आहेर म्हणून पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर कोण म्हणतो की थांबा, यातलं बरंचसं बिल भरून नेलंय?

२६ मार्चला संयुक्त राष्ट्रांत आपले उपस्थायी प्रतिनिधी के. नागराज नायडू यांनी अभिमानाने सांगितलं की भारताने स्वतःच्या लोकांना टोचल्या त्यापेक्षा जास्त लशी जगाला पुरवल्या आहेत. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांसाठी उत्तम वाक्य. पण ते नागपुरातही ऐकू आलं.

तो एप्रिल

नागपुरात १५ मार्चपासूनच लॉकडाऊन लागला होता. एप्रिलमध्ये काय झालं ते इथल्या कोणाला सांगायची गरज नाही. डिगडोह, वानाडोंगरी, एमआयडीसी, जिकडे बघावं तिकडे अँब्युलन्स. ७ एप्रिलला आपले तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की राज्यात १४ लाख डोस उरलेत, म्हणजे तीन दिवसांचा साठा. त्यावर दिल्लीतून उत्तर आलं, मग मुंबईतून प्रत्युत्तर. लस कोणाकडून आली हे माहीत नाही, पण भांडण मात्र वेळेवर पोचत होतं.

मी तेव्हा नोकरीत नवा, घरून काम करत होतो. आजीचा पहिला डोस मार्चमध्ये झाला होता. दुसऱ्यासाठी तिला घेऊन एका केंद्रावर तीनदा गेलो, तीनदा दाराला 'लस संपली' असा कागद. तिसऱ्या वेळी रांगेतला एक माणूस जोरात म्हणाला, "दुनियेले वाटून आले, आता आपल्याले ठेंगा!" आणि रांगेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. दोन महिन्यांपूर्वी हनुमानाचं चित्र फॉरवर्ड करणारा मीच.

मेमध्ये दिल्लीच्या भिंतींवर पोस्टर लागले, आमच्या मुलांची लस परदेशात का पाठवली असं विचारणारे. पोलिसांनी त्यावरून अटका केल्या. १२ मे रोजी सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते संबित पात्रा पत्रकारांपुढे आले आणि त्यांनी तो तक्ता उलगडून सांगितला: बाहेर गेलेल्या सुमारे ६.६३ कोटी डोसांपैकी भेट म्हणून दिलेले फक्त १.०७ कोटी. बाकीचे सुमारे ८४ टक्के करार आणि देणी, द्यावेच लागले असते.

बरोबर आहे! शंभर टक्के बरोबर. पण हे मेमध्ये कळलं. जानेवारीत माइकवर असं कोणी म्हणालं नव्हतं. ज्या दिवशी टाळ्या हव्या होत्या त्या दिवशी सगळाच आहेर, आणि शिव्या पडल्या त्या दिवशी त्यातलं बरंचसं बिलाचं सामान. हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येत नाही, कारण लोक पहिलं ऐकून विसरलेले नसतात.

माझ्यातला इंजिनिअर इथे थोडा हिशोब करतो. त्या एप्रिलात देशात दिवसाला सरासरी तीसेक लाख डोस टोचले जात होते. त्या वेगाने बाहेर गेलेला सगळा साठा म्हणजे साधारण तीन आठवडे. भेट दिलेला भाग म्हणजे जेमतेम चार दिवस. चार दिवसांची लस शेजाऱ्याला दिली म्हणून आपल्याकडे चार महिने तुटवडा झाला, हे गणित बसत नाही. तुटवड्याचं कारण दुसरीकडे होतं. सरकारने सीरमला पहिली ऑर्डर दिली ११ जानेवारी २०२१ रोजी, आणि ती होती १.१ कोटी डोसांची. दोन डोस धरले तर पंचावन्न लाख लोक. बाकीच्या मोठ्या देशांनी २०२० च्या उन्हाळ्यातच ऑर्डरी नोंदवून ठेवल्या होत्या. सीरमला मोठी आगाऊ रक्कम, ३००० कोटी, मंजूर झाली तेव्हा एप्रिल अर्धा उलटून गेला होता आणि स्मशानांत जागा नव्हती.

प्रश्न विचारायला हवा होता, 'ऑर्डर कधी दिली?' रांगेतला माणूस विचारत होता, 'कोणाला दिली?' मैत्रीच्या पाटीचा पहिला अनपेक्षित परिणाम हाच. तिने लोकांच्या तोंडी चुकीचा प्रश्न दिला.

तिकडची आजी

माझ्या टीममध्ये तेव्हा काठमांडूचा एक मुलगा होता. बंगलोरला शिकलेला, लॉकडाऊनमध्ये घरी परतून तिथूनच काम करायचा. त्याची आजीही पासष्टच्या पुढची. तिचाही पहिला डोस मार्चमध्ये, कोविशिल्डचाच. एकदा कॉल सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "तुमच्या आजीला दुसरा मिळाला का?" मी म्हणालो, "नाही, इथे लस नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला वाटलं, तुमच्याकडे थांबवून ठेवली असेल. आमच्याकडे सगळे तेच म्हणतात."

नेपाळला १० लाख डोस भेट मिळाले होते हे खरं. पण नेपाळने त्याशिवाय २० लाख विकत घ्यायचा करार केला होता आणि त्याची बरीचशी रक्कम आधीच भरली होती. त्यातले १० लाख आले, उरलेले अडकले. तेरा लाखांच्या आसपास म्हातारी माणसं एक डोस घेऊन बसली. त्यातलीच ही आजी. तिला दुसरा डोस मिळाला ऑगस्टमध्ये, जपानने पाठवलेल्या लशीतून.

बांगलादेशची गोष्ट आणखी कडू. त्यांनी नोव्हेंबर २०२० मध्येच सीरमशी ३ कोटी डोसांचा करार केला होता, महिन्याला ५० लाख. पैसे आगाऊ मोजले. जानेवारीत ५० लाख मिळाले, फेब्रुवारीत २० लाख, मग काही नाही. २६ एप्रिलला त्यांना पहिला डोस देणं बंद करावं लागलं. १२ मे रोजी चीनचे ५ लाख सिनोफार्म डोस ढाक्यात उतरले. योगायोग बघा, दिल्लीत तो तक्ता उलगडला गेला तोच हा दिवस.

आणि कोव्हॅक्स? १७ मे रोजी युनिसेफने सांगितलं की महिनाअखेर १४ कोटी डोसांची तूट पडणार, जूनअखेर सुमारे १९ कोटींची. मुख्य कारण, भारतातून पुरवठा थांबला. ज्यांनी पुण्याचा एकच दरवाजा धरला होता त्या आफ्रिकेतल्या देशांकडे दुसरा दरवाजाच नव्हता.

आता सांगा, ढाक्यातल्या साध्या माणसाला काय दिसलं? एका खासगी कंपनीचा माल एका खासगी कराराप्रमाणे आला नाही, असं? अजिबात नाही. त्याला सांगितलं गेलं होतं की ही भारताची मैत्री आहे. म्हणून माल आला नाही तेव्हा त्याच्या लेखी मैत्री मोडली. पाटी नसती तर उशीर कंपनीचा असता. पाटी होती म्हणून फसवणूक देशाची झाली. आपल्या धंद्यात हे रोज बघतो आपण. दुसऱ्याने बनवलेल्या सॉफ्टवेअरवर स्वतःचा लोगो चिकटवला की डेमोला श्रेय आपलं, पण रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की फोनही आपल्यालाच येतो.

बरं, पहिला डोस भेट देणं म्हणजे दुसऱ्याची गरज निर्माण करणं. भूतानने आपल्या भेटीच्या जोरावर मार्चअखेरपासून दोनेक आठवड्यांत जवळपास सगळी प्रौढ जनता टोचून काढली, जगाने कौतुक केलं. जुलैमध्ये दुसरा डोस आला तो अमेरिकेकडून आणि डेन्मार्कसारख्या देशांकडून. अर्ध्यावर सोडलेली मदत लोक अर्धी मदत म्हणून लक्षात ठेवत नाहीत. सोडून जाणं तेवढं लक्षात राहतं.

शेजाऱ्यांना याची सवय होतीच म्हणा. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण एका रात्रीत कांद्याची निर्यात बंद केली होती. पुढच्याच आठवड्यात शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात हसत हसत हिंदीत म्हणाल्या की मी माझ्या आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सगळे हसले. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. लासलगावचा कांदा काय आणि मांजरीची लस काय, शेजाऱ्याने एकच धडा घेतला: हे चांगले आहेत, पण यांच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. करोडो डोसांच्या जाहिरातीतून निघालेला धडा हा.

संत्र्याचं काय मग?

येतो, काकांकडे येतो. बांगलादेशात आपल्या संत्र्यावर २०१९ मध्ये किलोला साधारण २० टका शुल्क होतं, ते वाढत वाढत २०२३ च्या शेवटी ८८ टक्यांवर गेलं. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागायतदारांचं कंबरडं मोडलं. शेवटी राज्य सरकारला निर्यातीवर अनुदान जाहीर करावं लागलं.

पण यात कृतघ्नपणा कुठे आहे? २०२२ मध्ये बांगलादेशला डॉलरची चणचण भासू लागली आणि त्यांनी चैनीच्या म्हणून शंभरावर वस्तूंच्या आयातीवर शुल्क चढवलं. त्यात फळं होती. सगळ्यांचीच फळं. नागपूरचं संत्रं त्यात सापडलं कारण ते फळ आहे, भारतीय आहे म्हणून नव्हे. तिथल्या अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यासमोर डॉलरचा आकडा असतो, लशीच्या खोक्याचा फोटो नसतो.

आणि हे फक्त बांगलादेशचं नाही. आपल्या जातीच्या, म्हणजे लॅपटॉप जमातीच्या, लोकांना जवळचं उदाहरण देतो. २२ सप्टेंबर २०१९, ह्यूस्टन, 'हाउडी मोदी', पन्नास हजारांचं स्टेडियम. २४ फेब्रुवारी २०२०, अहमदाबाद, 'नमस्ते ट्रम्प'. आमच्या ऑफिसात लोकांनी मोठ्या स्क्रीनवर बघितलं होतं म्हणे. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच ट्रम्पनी भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं आणि सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. मग आपण काय म्हणालो? दोस्ती विसरला! कृतघ्न! तोच शब्द.

स्टेडियम भरल्याने शुल्क कमी होत नाही. शुल्क कमी होतं ते करारात, कलमावर कलम घासून, कंटाळवाण्या बैठकांत. ज्या दिवसांत संत्र्यासाठी ढाक्याच्या वाणिज्य खात्याचे उंबरे झिजवायला हवे होते, त्या दिवसांत आपण सदिच्छा खात्यात जमा आहे या समजुतीत राहिलो, असं माझं मत. सदिच्छा काही बँकेत ठेवलेली एफडी नाही की अडीअडचणीला मोडता येईल.

मग द्यायलाच नको होत्या?

इथे काही वाचक म्हणतील, म्हणजे तू रांगेतल्या त्या माणसाच्या बाजूचा. नाही हो. द्यायलाच हव्या होत्या. शेजारी संसर्ग धुमसत असताना आपण सुरक्षित राहू शकत नव्हतो. नेपाळची सीमा उघडी आहे, माणसं रोज येतात जातात. करार केला असेल तर तो पाळायलाच हवा, विशेषतः दुसऱ्याचे पैसे घेऊन कारखान्याचं काम पुढे नेलं असेल तर. आणि एप्रिलच्या आगीत काही काळ निर्यात थांबवणंही समजू शकतं. घर जळत असताना कोणीही आधी आपल्या घरावर पाणी ओततो. अमेरिकेने तर घर जळत नसतानाही टाकी बंद ठेवली होती.

दुसरे म्हणतील, ऑक्टोबर २०२१ पासून आपण पुन्हा पाठवायला लागलो, शंभराच्या आसपास देशांना लस पोचवली, तेही सांग. सांगतो. मोठं काम आहे, आणि ते करणाऱ्या पुण्यातल्या कामगारांना माझा सलाम. त्या जानेवारीत, मैत्री सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सीरमच्या मांजरीतल्या इमारतीला आग लागून पाच जण गेले होते. त्यांची नावं कोणत्या होर्डिंगवर आली नाहीत.

माझा विरोध देण्याला नाही, माइकला आहे. कारण खरा धोका पुढचा आहे. पुढची साथ येईल तेव्हा कोणतंही सरकार, कोणत्याही पक्षाचं, शेजाऱ्याला लस द्यायच्या आधी दिल्लीच्या भिंतीवरचे ते पोस्टर आठवेल. आणि नेमका पहिल्या महिन्यात, जेव्हा थोडी मदत खूप जीव वाचवते, तेव्हा हात आखडता घेईल. लोक म्हणतील, मागे दिलं तेव्हा काय मिळालं? काका हेच तर म्हणताहेत. आपल्याच जाहिरातीने आपली देण्याची ताकद खाल्ली. हा परिणाम मला सगळ्यात वाईट वाटतो.

चोळकर नावाचे एक नागपूरकर

थोडं जुनं सांगतो. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यातल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव शांतारामबापूंच्या सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच पथकात डॉ. चोळकर होते, आपल्या नागपूरचे. नागपुरात किती जणांना माहीत आहे? मलाही परवापर्यंत नव्हतं.

कोटणीस तिथेच राहिले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. पहिला डोस देऊन परतले नाहीत. २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान ली केचियांग मुंबईला आले तेव्हा कोटणीसांच्या बहिणीला भेटले. म्हणजे सत्तर वर्षांनंतरही आठवण शिल्लक.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. त्या आठवणीने १९६२ थांबलं नाही, २०२० चं गलवानही थांबलं नाही. सदिच्छा टिकते, पण ती सीमेवर पहारा देत नाही, शुल्क कमी करत नाही. तिचं काम तेवढंच: दुसऱ्या देशातल्या काही माणसांना आपण माणसं वाटावं. तेवढ्यासाठी ती करावी. त्याहून जास्त तिच्याकडून मागितलं की निराशा पदरी येते, आणि निराश माणूस शेजाऱ्याला कृतघ्न म्हणतो.

तर मागणं फार मोठं नाही. भेटीला भेट म्हणा, विक्रीला विक्री आणि देण्याला देणं, आणि हे टाळ्या पडत असताना सांगा, शिव्या पडल्यावर नव्हे. दोन डोसांची गोष्ट असेल तर दुसऱ्याची सोय झाल्याशिवाय पहिल्याचा फोटो काढू नका. पुरवठा थांबवायचा असेल तर आधी फोन करा, कांदा असो की लस. आणि व्यापाराचं भांडण व्यापाराच्या टेबलावर भांडा.

आपल्यासाठीही एक आहे, म्हणजे फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी. पुढच्या वेळी हनुमान काहीतरी घेऊन उडताना दिसला की आधी विचारा, बिल कोणी भरलंय?

आजीला जूनमध्ये दुसरा डोस मिळाला. ठणठणीत आहे. काठमांडूची आजीही बरी आहे, परवाच विचारलं. त्याच्या घरी अजून कोणी म्हणतं का, की तेव्हा आम्ही लस दाबून ठेवली होती? म्हणतात, तो म्हणाला. मग हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे काय म्हणतात?" मी काकांचं वाक्य सांगितलं. दोघंही बराच वेळ हसलो, पण ते काही आनंदाचं हसणं नव्हतं.

असो. फार लांबलं. या शनिवारी काका पुन्हा भेटणार आहेत, संत्र्याची पेटी घेऊन येतो म्हणालेत. फुकट. आधीच सांगितलंय त्यांना, काका, वहीत लिहू नका.